घरातील सीडी प्लेअरची निगा : स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि ध्वनिमुद्रणांचे जतन

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया : जगभरातील इंटरनेटच्या वाहतुकीचा फार मोठा भाग लाउडन काउंटीतील ज्या विदागारांमधून जातो, त्यांच्या राखाडी भिंती आमच्या घरापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. कोट्यवधी लोकांची गाणी, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार तेथे अहोरात्र थंड हवेत सांभाळला जातो. त्याच अ‍ॅशबर्नमधील अनेक मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये मात्र एखाद्या खोक्यात नाट्यसंगीत, कीर्तन, अभिवाचन, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज असलेल्या सीडी पडून आहेत. त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रणे कोणत्याही ऑनलाइन संगीतसेवेवर मिळत नाहीत. ती ऐकण्याचे साधन एकच, ते म्हणजे घरातला वीस-पंचवीस वर्षांचा सीडी प्लेअर.

हा प्लेअर एके दिवशी 'नो डिस्क' असे दाखवतो. मग आपण एकतर यंत्र टाकून देतो किंवा सीडीच खराब झाली असे समजून ती टाकतो. हे दोन्ही निष्कर्ष बहुधा घाईचे असतात. पुष्कळदा दोष असतो तो भिंगावरच्या धुळीचा, कडक झालेल्या रबरी पट्ट्याचा किंवा वाळून गेलेल्या ग्रीसचा. प्रस्तुत लेखात सीडी प्लेअरची रचना, दोष ओळखण्याची पद्धत, स्वच्छतेची योग्य रीत आणि कोठे थांबावे याची माहिती एकत्र दिली आहे.

यंत्र काम कसे करते

सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे तंत्र विकसित केले. त्याचे तांत्रिक निकष १९८० साली निश्चित झाले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा 'सीडीपी-१०१' हा पहिला घरगुती प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला आणि पुढील वर्षी तो अमेरिकेत पोहोचला.

सीडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिलाकार रेघ असते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर संरक्षक लॅकर आणि सर्वांत वर छापील मजकूर असतो. रेघेच्या एका वेढ्यापासून दुसऱ्या वेढ्याचे अंतर अवघे १.६ मायक्रॉन असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे सहज मावतील. ही रेघ उलगडून सरळ केली तर तिची लांबी सुमारे पाच किलोमीटर भरते.

प्लेअरमधील लेझर खालच्या बाजूने ही रेघ वाचतो. त्याच्या अवरक्त किरणाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते. वाचन आतून बाहेर होते. त्यामुळे सुरुवातीला तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेशी पोहोचताना हा वेग सुमारे २०० फेऱ्यांपर्यंत उतरतो. लेझरचे छोटे प्लॅस्टिकचे भिंग अतिशय नाजूक तारांवर किंवा लवचिक पट्ट्यांवर तरंगत असते. फिरणारी तबकडी किंचित वर-खाली झाली की भिंगही तिच्यामागे तितकेच हलते.

या रचनेतून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, सीडीच्या खालच्या पृष्ठभागावर किरण सुमारे पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि आत खळग्यांपाशी पोहोचल्यावरच तो बिंदूवत होतो. म्हणून पृष्ठभागावरील एखादा धूलिकण वाचनात फारसा अडथळा आणत नाही. शिवाय त्रुटी दुरुस्त करणारी गणिती व्यवस्था रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा खंडही भरून काढू शकते. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. भिंगावर धुळीचा किंवा धुराचा थर बसला तर तो प्रत्येक सीडीच्या प्रत्येक क्षणाच्या वाचनात आडवा येतो. सीडी थोडीशी मळलेली असली तरी यंत्र निभावून नेते. भिंग मळले तर मात्र त्याचा इलाज चालत नाही.

आधी निदान, मग स्वच्छता

स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे निदानासाठी द्यावीत. कारखान्यात छापलेल्या, ओरखडे नसलेल्या दोन-तीन सीडी निवडाव्यात आणि त्या पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवून पाहाव्यात. मग संशयित सीडी दुसऱ्या एखाद्या यंत्रात, उदाहरणार्थ डीव्हीडी प्लेअरमध्ये किंवा संगणकाच्या जुन्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. दोष सीडीचा की प्लेअरचा, हे एवढ्यानेच स्पष्ट होते.

दोष प्लेअरचा असल्यास पुढील लक्षणे उपयोगी पडतात.

• कोणतीच सीडी ओळखली जात नाही : भिंग मळलेले आहे किंवा लेझर क्षीण झाला आहे. स्वच्छतेने फरक पडला नाही तर दुसरी शक्यता अधिक.

• छापील सीडी चालतात, पण घरी लिहिलेल्या सीडी चालत नाहीत : लिहिलेल्या सीडी-आर तबकड्या छापील सीडीच्या तुलनेत कमी प्रकाश परावर्तित करतात. भिंग थोडे मळले किंवा लेझर थोडा मंदावला की पहिला फटका त्यांना बसतो. पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यू तबकड्या तर याहून कितीतरी कमी प्रकाश परत पाठवतात. अनेक जुने प्लेअर त्या मुळातच वाचू शकत नाहीत, त्यामुळे तो बिघाड समजू नये.

• सुरुवातीची गाणी अडखळतात, पुढची नीट चालतात : आतल्या भागात तबकडी सर्वाधिक वेगाने फिरावी लागते. तो वेग गाठता येत नसेल तर तबकडी फिरवणारी मोटर थकली असावी.

• शेवटची गाणीच अडखळतात : लेझर ज्या दांडीवरून सरकतो तिच्यावरील ग्रीस वाळले असावे किंवा तेथे कचरा अडकला असावा.

• ट्रे उघडत नाही, अर्ध्यावर अडतो किंवा बंद होऊन पुन्हा बाहेर येतो : रबरी पट्टा सैल किंवा कडक झाला आहे. हा सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारा दोष आहे.

• अर्धा तास व्यवस्थित चालून मग अडखळते : उष्णतेशी संबंधित दोष. हवा खेळती आहे का, हे प्रथम पाहावे.

• एकाच बाजूच्या स्पीकरमधून आवाज येतो : अँप्लिफायरच्या मागील लाल आणि पांढऱ्या केबल परस्परांच्या जागी लावून पाहाव्यात. मूक बाजू बदलली तर दोष प्लेअर किंवा केबलमध्ये आहे. न बदलल्यास अँप्लिफायर किंवा स्पीकरकडे वळावे.

निदानाचे महत्त्व मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या २००५ साली एका सीडी-आरवर उतरवून घेतल्या होत्या. काही वर्षांनी आमच्या प्लेअरने ती तबकडी नाकारली. इतर सीडी त्यावर चालत होत्या, त्यामुळे ओव्यांची तबकडीच गेली, असे मी ठरवून टाकले. दुरुस्तीच्या एका दुकानातही तेच उत्तर मिळाले. ती टाकून देण्याचे धैर्य झाले नाही, इतकेच. पुढे एका स्नेह्यांच्या प्लेअरवर ती पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत वाजली. तबकडी ठणठणीत होती. आमच्या प्लेअरचे भिंग मळले होते.

सीडी कशी पुसावी

सीडीच्या निगेविषयीचे सर्वांत विश्वासार्ह मार्गदर्शन आमच्या परिसरातच तयार झाले आहे. पोटोमॅक नदीपलीकडे मेरिलँडमधील गेथर्सबर्ग येथे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी, अर्थात 'निस्ट', ही संस्था आहे. ग्रंथपाल आणि अभिलेखपालांसाठी सीडी-डीव्हीडीच्या हाताळणीची मार्गदर्शिका तिने २००३ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील मुख्य सूचना घरगुती वापरालाही तंतोतंत लागू पडतात.

सीडी नेहमी कडेने किंवा मधल्या छिद्रात बोट घालून धरावी. धूळ प्रथम हवेने उडवावी. पुसायची झाल्यास मऊ, धागे न सुटणारे कापड घ्यावे आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे गोल फिरवून पुसणे येथे घातक ठरते. आडवा ओरखडा रेघेच्या प्रत्येक वेढ्याला क्षणभरच छेदतो आणि तेवढी त्रुटी यंत्र भरून काढते. पण रेघेला समांतर गेलेला ओरखडा सलग माहिती झाकतो आणि तेथे दुरुस्तीची व्यवस्था अपुरी पडते.

बोटांचे ठसे किंवा चिकट डाग असल्यास कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे एक-दोन थेंब टाकून सीडी हलक्या हाताने धुवावी, स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावी आणि मायक्रोफायबरच्या कापडाने टिपावी. कागदी टॉवेल आणि टिश्यू वापरू नयेत, त्यांनी बारीक ओरखडे उठतात. काचा पुसण्याचे द्रव, नेलपॉलिश काढण्याचे द्रव आणि थिनर हे सर्व वर्ज्य समजावे.

सीडीची चकचकीत बाजू नाजूक आणि छापील बाजू मजबूत, हा समज नेमका उलटा आहे. खालच्या बाजूला सुमारे सव्वा मिलिमीटर प्लॅस्टिकचे कवच आहे. वरच्या बाजूला मात्र धातूचा थर आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये केवळ लॅकरचा पापुद्रा असतो. छापील बाजूवर टोकदार बॉलपेनने लिहिले किंवा वाळलेला स्टिकर ओढून काढला तर माहितीचा थरच उखडू शकतो. लिहायचे असल्यास पाण्याच्या शाईचे मऊ टोकाचे मार्कर वापरावे. चिकटवलेले लेबल असेल तर ते तसेच राहू द्यावे.

सीडी-आरमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि हे रंगद्रव्य प्रकाशाने व उष्णतेने फिके पडते. म्हणून अशा तबकड्या खिडकीत किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर कधीही ठेवू नयेत. सर्व सीडी आपापल्या डबीत, पुस्तकांप्रमाणे उभ्या, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवाव्यात.

प्लेअरची बाहेरून स्वच्छता

प्लग काढून बाहेरचे आवरण कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसावे. हवेच्या झरोक्यांतील धूळ मऊ ब्रशने सैल करून व्हॅक्यूमच्या नळीने, झरोक्यापासून थोडे अंतर राखून, ओढून घ्यावी. ट्रे उघडून कोरड्या कापडाने पुसावा. कोणताही द्रव यंत्रावर थेट फवारू नये. कापड किंचित ओले करून मगच वापरावे.

मागील बाजूच्या धातूच्या जोडण्यांवर काही वर्षांत काळसर थर येतो आणि आवाजात खरखर होते. प्रत्येक केबल दोन-तीन वेळा फिरवून काढल्या-घातल्याने तो थर बराचसा निघतो. उरलेला कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावा.

झाकण उघडण्यापूर्वी

भिंगाची स्वच्छता करण्यासाठी वरचे झाकण काढावे लागते. त्यापूर्वी तीन पथ्ये काटेकोरपणे पाळावीत.

पहिले, प्लग भिंतीतून काढून किमान अर्धा तास थांबावे आणि वीजपुरवठ्याच्या भागाला, म्हणजे जेथे मागची वायर आत येते त्या बाजूला, हात लावू नये. तेथील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विद्युतभार राहू शकतो. दुसरे, झाकण काढलेले असताना यंत्र चालू करून भिंगात डोकावू नये. बंद झाकणाचा प्लेअर पूर्णतः सुरक्षित असतो. पण आतील किरण अवरक्त असल्याने तो दिसत नाही आणि डोळे मिटण्याची नैसर्गिक प्रतिक्रियाही होत नाही. तिसरे, उघडताना प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि स्क्रू काढलेल्या क्रमाने लहान वाट्यांत ठेवावेत. घरात लहान मुले असतील तर हे काम ती झोपल्यावर करावे.

लागणारे साहित्य थोडेच आहे : फिलिप्स पद्धतीचा स्क्रू ड्रायव्हर, कॅमेऱ्यासाठी मिळणारा रबरी फुग्याचा ब्लोअर, घट्ट वळलेल्या कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत हे अल्कोहोल ७० आणि ९१ टक्के अशा दोन प्रमाणांत सहज मिळते. आपल्याला ९१ टक्क्यांचे हवे, कारण पाण्याचा अंश जितका कमी, तितका मागे डाग राहण्याचा संभव कमी.

भिंगाची स्वच्छता

झाकण काढल्यावर ट्रेच्या मागे तबकडी बसण्याची जागा दिसते. बऱ्याच प्लेअरमध्ये तिच्यावर एक आडवी पट्टी असते आणि तिच्यात तबकडी दाबून धरणारे गोल चुंबक असते. ही पट्टी दोन किंवा चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढल्यावर निळसर झाक असलेले वाटाण्याएवढे भिंग समोर येते. भिंगाच्या आजूबाजूलाही चुंबक असतात आणि ते लोखंडी स्क्रू ड्रायव्हर खेचून घेतात. हात सैल असेल तर अवजार थेट भिंगावर आपटते, म्हणून येथे विशेष दक्षता घ्यावी.

प्रथम ब्लोअरने चार-पाच वेळा हवा मारावी. धुळीचे कण न उडवता पुसायला घेतले तर तेच कण भिंगावर ओरखडे काढतात. डब्यातील दाबाखालची हवा या कामासाठी योग्य नाही, कारण तिच्या जोराने भिंगाच्या तारा वाकू शकतात आणि डबा तिरका झाल्यास गोठवणारा द्रव भिंगावर उडतो. तोंडाने फुंकर मारू नये, तिच्याबरोबर थुंकीचे बारीक तुषार जातात.

मग कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून झटकावी. ती ओलसर असावी, ठिबकणारी नसावी. भिंगावर मध्यापासून बाहेर, जवळजवळ वजन न देता, दोन-तीन वर्तुळे काढावीत. भिंग हाताखाली किंचित हलते, ते स्वाभाविक आहे. मात्र ते तळाला टेकेल इतका दाब देऊ नये. लगेच दुसरी कोरडी काडी तशीच फिरवावी. टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिल्यास भिंग स्वच्छ आणि एकसारख्या झाकेचे दिसले पाहिजे. कापसाचा तंतू राहिला असेल तर तो ब्लोअरने उडवावा. पाच-दहा मिनिटे थांबून पट्टी आणि झाकण बसवावे आणि मगच प्लग लावावा.

बाजारात लहान ब्रश चिकटवलेल्या 'लेन्स क्लीनर' सीडी मिळतात. वेगाने फिरणारे हे ब्रश भिंगावरची कोरडी धूळ काढू शकतात, परंतु धुराचा किंवा स्वयंपाकाच्या तेलकट वाफेचा थर त्यांनी निघत नाही. काही उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकेत त्या वापरू नयेत, असे स्पष्टपणे सांगतात. पुस्तिका पाहिल्याशिवाय अशी सीडी घालू नये. उघडी दिवाणखाना-स्वयंपाकघर रचना आणि रोजची फोडणी असलेल्या आपल्या घरांत थर बहुधा तेलकटच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

रबरी पट्टा, दांडी आणि ग्रीस

ट्रे सरकवणारा रबरी पट्टा साधारणपणे ट्रेच्या पुढच्या भागाखाली, दोन लहान चाकांवर ताणलेला असतो. काळाने तो सैल होतो, कडक होतो किंवा त्यावर चकाकी येऊन तो घसरतो. पट्टा चिमट्याने काढून दोन्ही चाके अल्कोहोलने पुसावीत. जुना पट्टा अल्कोहोलने पुसून पुन्हा लावल्यास काही आठवडे निभते, पण कायमचा उपाय म्हणजे नवा पट्टा. त्यासाठी जुना पट्टा न ताणता कागदावर गोलाकार ठेवून त्याचा व्यास आणि जाडी मोजावी. यंत्राच्या मॉडेल क्रमांकावरूनही योग्य पट्टा शोधता येतो. त्याला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये.

लेझर सरकण्याची धातूची दांडी आणि त्याची दातेरी चाके तपासावीत. ग्रीस पिवळे-तपकिरी आणि चिकट झाले असेल तर ते अल्कोहोलने पूर्ण पुसून काढावे आणि प्लॅस्टिकला अपाय न करणारे पांढरे ग्रीस टूथपिकच्या टोकाने, तांदळाच्या दाण्याएवढेच लावावे. शिवणयंत्राचे तेल किंवा गंजलेले स्क्रू सोडवण्याचे फवारे येथे चालत नाहीत. ते पसरतात, त्यांची वाफ भिंगावर बसते आणि काही प्लॅस्टिके त्यांनी तडकतात.

कोठे थांबावे

लेझर युनिटच्या कडेला बारीक फिरकीचे एक-दोन स्क्रू दिसतात. ते लेझरची तीव्रता आणि किरणाचा नेम ठरवण्यासाठी असतात. ते फिरवल्याने थकलेला लेझर काही दिवस चालल्यासारखे वाटते आणि मग कायमचा जातो. मोजमापाची साधने हाताशी नसतील तर त्यांना स्पर्शही करू नये.

भिंग स्वच्छ, दांडी मोकळी आणि तरीही एकही छापील सीडी वाचली जात नसेल, तर लेझर युनिट बदलण्याची वेळ आली आहे. भारतातील दुरुस्तीच्या दुकानांत या संपूर्ण भागाला सरसकट 'लेन्स' म्हणतात. सोनीच्या केएसएस-२१३ सारखी युनिट निरनिराळ्या कंपन्यांच्या असंख्य प्लेअरमध्ये वापरली गेली, त्यामुळे ती अजूनही मिळतात. अनेक नव्या युनिटवर स्थिर विजेपासून रक्षण करण्यासाठी सोल्डरचा एक लहान टिपका असतो. तो बसवल्यानंतर काढावा लागतो. न काढल्यास नवे युनिटही मृतवत राहते. सोल्डरिंगचा सराव नसणाऱ्यांनी हे काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

ऋतू, जागा आणि वीज

उत्तर व्हर्जिनियात वर्षभरात यंत्राची तीन वेळा परीक्षा होते. एप्रिल-मे महिन्यांत झाडांच्या पिवळ्या परागकणांचा थर उघड्या खिडकीतून सर्वत्र बसतो. उन्हाळ्यात बेसमेंट दमट होते. हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा अतिशय कोरडी होते आणि गालिच्यावरून चालत येऊन यंत्राला हात लावताच ठिणगी बसते. परागकणांच्या दिवसांत ट्रे बंद ठेवावा. बेसमेंटमधील सापेक्ष आर्द्रता डिह्युमिडिफायरने ५० टक्क्यांच्या खाली राखावी. हिवाळ्यात प्लेअरला हात लावण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. गॅरेजमधून किंवा मोटारीतून थंडगार यंत्र उबदार खोलीत आणल्यास भिंगावर दव धरते. अशा वेळी ते दोन तास तसेच राहू द्यावे आणि मग चालू करावे.

प्लेअर सपाट आणि स्थिर जागी ठेवावा, त्याच्या वर आणि मागे काही इंच मोकळी जागा सोडावी. गरम होणाऱ्या अँप्लिफायरवर तो ठेवू नये. घर बदलताना आतली सीडी न विसरता काढावी. काही मॉडेलना वाहतुकीसाठी तळाशी कुलूपवजा स्क्रू असतो. तो वाहतुकीपूर्वी लावावा आणि नंतर काढावा.

भारतातून आणलेल्या किंवा भारतात न्यायच्या यंत्राबाबत वीजदाब तपासणे अपरिहार्य आहे. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तर अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज मिळते. हर्ट्झमधील फरकाने गाण्याची गती बदलत नाही, कारण सीडी प्लेअरची गती आतील स्फटिक ठरवतो. व्होल्टेजचा फरक मात्र गंभीर आहे. केवळ १२० व्होल्टचा प्लेअर पुण्या-मुंबईच्या प्लगमध्ये लावल्यास क्षणात जळू शकतो. मागील पट्टीवरचा आकडा वाचावा. निवडीचे बटण नसेल तर योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर वापरावा. पिन बदलणारा साधा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही.

प्लेअर चालू आहे तोवर

भारतातून आणलेल्या सीडींवर पावसाळी हवेमुळे कधीकधी बुरशीचे जाळे दिसते. ते वरवर असेल तर वर सांगितल्याप्रमाणे धुतल्याने निघते. धातूच्या थराचा क्षय मात्र भरून येत नाही. ब्रिटनमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या काही सीडी कडेपासून तपकिरी होत गेल्या, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सीडी दिव्यासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे किंवा कडेला तपकिरी झाक दिसली तर त्या सीडीची प्रत सर्वांत आधी करावी.

अ‍ॅशबर्नहून तासाभराहून थोड्या अधिक अंतरावर, कल्पेपर येथे लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दृक्श्राव्य जतन केंद्र आहे. १९६९ साली फेडरल रिझर्व्हसाठी डोंगराच्या पोटात बांधलेल्या तळघरात आता चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे सांभाळली जातात. मूळ वस्तू नियंत्रित हवेत ठेवायची, तिची डिजिटल प्रत करायची आणि ती प्रतही वेळोवेळी नव्या साधनांवर उतरवत राहायची, हे तेथील कामाचे सूत्र घरातही पाळता येते. संगणकाला बाहेरून जोडण्याचा सीडी ड्राइव्ह घ्यावा. विंडोजसाठी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' आणि मॅकसाठी 'एक्सएलडी' हे कार्यक्रम त्रुटी आढळल्यास तोच भाग पुन्हा वाचतात. प्रत एमपी-३ऐवजी डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक स्वरूपात करावी. डब्ल्यूएव्हीला एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट लागतात, फ्लॅकला साधारण त्याच्या निम्मे. फायलीच्या नावात कोणाचा आवाज, कोठे आणि केव्हा हे लिहावे. वीस वर्षांनी 'ट्रॅक ०३' एवढ्यावरून कोणालाही काही कळणार नाही. दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर घरात, आणि एक घराबाहेर, शक्यतो भारतातील नातलगांकडे ठेवावी.

वर्षाचे वेळापत्रक

• दर महिन्याला : बाहेरची धूळ पुसणे, एखादी सीडी वाजवणे. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या यंत्रात ग्रीस आणि पट्टा लवकर खराब होतो.

• मे अखेरीस : परागकण ओसरल्यावर झरोके आणि ट्रे साफ करणे, बेसमेंटची आर्द्रता तपासणे.

• वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत : केबलच्या जोडण्या पुसणे, सीडी-आर तबकड्या दिव्यासमोर धरून पाहणे, डिजिटल प्रती उघडतात याची खात्री करणे.

• अडखळणे सुरू झाल्यासच : भिंगाची स्वच्छता. विनाकारण दरवर्षी भिंग पुसू नये. प्रत्येक स्पर्शात थोडा धोका असतोच.

छापील सीडी पुन्हा कोठेतरी मिळू शकते आणि प्लेअरही जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडू शकतो. घरी लिहिलेल्या तबकडीला मात्र पर्याय नसतो. म्हणून आवरासावर करताना खोक्यातील सीडी-आर आधी वेगळ्या काढाव्यात आणि प्रती करण्यास त्यांपासूनच प्रारंभ करावा. आजीच्या ओव्यांच्या आज तीन प्रती आहेत, त्यांतील एक साताऱ्याला मामांकडे आहे. मूळ तबकडी आमच्याकडेच आहे आणि भिंग पुसल्यापासून ती आमच्या जुन्या प्लेअरवरही वाजते.